अकरावा घाणा

"किती आलं?" खोतमामांनी दारातूनच विचारलं.

मी यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी फाडून टेबलावर पसरली आणि पेन्सिलीनं हिशेब केला. मग पुन्हा एकदा केला. "एक्केचाळीस टक्के."

"म्हंजे गेला हा बी घाणा."

"गेला."

मामा आत आले, खिडकीतली काचेची भांडी उचलून धुवायला घेऊन गेले. विद्यापीठातल्या आमच्या रसायनशास्त्र विभागात सगळे 'बॅच' म्हणत. एकटे खोतमामाच घाणा म्हणत, भज्यांचा म्हणतात तसा. हा चौदावा होता. डिसेंबर संपत आला होता आणि मी इतकी थकले होते की वाईट वाटायलाही अंगात जोर उरला नव्हता. मी पट्टी वहीत चिकटवली, तारीख घातली आणि डबा उघडून थंड पोळी खाल्ली.

मी सात वर्षं कोळसा करत होते. माहेरी-सासरी कोणी विचारलं की मी असंच सांगायची, कारण खरं सांगायला गेलं की लोक जांभया द्यायचे. तुम्हाला थोडक्यात सांगते. पॅलेडियम नावाचा एक महाग धातू आहे. औषधांच्या कारखान्यात एका रसायनाचं दुसरं रसायन करताना त्याची चिमूटभर लागते. तो धातू नुसता टाकला तर फुकट जातो. कोळशाच्या पुडीवर त्याचे बारीक कण पसरून टाकला तर चिमटीत भागतं. त्या कोळशाला आम्ही आधार म्हणत असू. बाकीचे लोक हा कोळसा नारळाच्या करवंटीपासून नाहीतर लाकडापासून करत. माझे मार्गदर्शक शिरगुप्पे सर, त्यांच्या डोक्यात आलं, चिंचोक्यांपासून का करू नये? चिंचोका दगडासारखा टणक, शिवाय आमच्या भागात त्याचे ढीग पडलेले असतात. त्यांच्या डोक्यात आलं आणि माझ्या पाचवीला पुजलं.

आमच्या कोळशानं शंभरातलं किती रसायन बदललं, ती आमची टक्केवारी; पहिल्या दहा बॅचेस चाळीसच्या आसपास रेंगाळल्या. अकरावी शहाण्णव टक्क्यांवर गेली. मी ती पाच वेळा तपासली, पाचही वेळा तेच. सरांनी सगळ्या विभागाला चहा पाजला आणि एका परिषदेत जाऊन निबंधही वाचून आले. त्यानंतर बारावी बेचाळीस, तेरावी अडतीस आणि आता ही.

दुपारी सरांनी बोलावलं. ते विभागप्रमुखही होते. पट्टी पाहून त्यांनी चष्मा काढला.

"बर्वे मॅडम, तुमची मुदत कधी संपते?"

"एकतीस मार्च."

"आणखी वाढवून?"

"एकदा वाढवलीय सर. आता वाढत नाही. आणि कॉलेजनं दिलेली रजाही तेव्हाच संपते."

"मग दोनच रस्ते आहेत. अकराव्या बॅचमध्ये काय वेगळं होतं ते शोधा आणि तसाच आधार आणखी तीनदा करून दाखवा. नाहीतर अकरावी बॅच प्रबंधातून काढून टाका."

"ती काढली तर प्रबंधात उरतं काय सर?"

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

मी त्या वेळी पस्तिशीची होते. इस्लामपूरच्या एका कॉलेजात शिकवत होते. नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी तिथं, मी इथं वसतिगृहात. शनिवारी एस.टी.नं जायचं, सोमवारी पहाटे यायचं. डॉक्टरेट मिळाली नसती तर नोकरी गेली नसती, पण सात वर्षं मी कुठं घालवली याचं उत्तर घरी मला देता आलं नसतं. सासूबाई विचारत नव्हत्या, आणि त्यांचं ते न विचारणंच मला जास्त टोचायचं.

मी वही काढली आणि अकराव्या बॅचचा पाढा वाचायला बसले. पाचशे ग्रॅम चिंचोके, धुऊन ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवले. दळले. भट्टीत सातशे अंशांवर नायट्रोजनच्या झोतात तीन तास. मग पातळ आम्लानं आणि पाण्यानं, लिटमस बदलायचं थांबेपर्यंत धुतले. प्रत्येक बॅचच्या पानावर शब्दन् शब्द हेच. हस्ताक्षरसुद्धा तितकंच वाईट.

तरी मी शोधलं. चिंचोके ज्या व्यापाऱ्याकडून यायचे त्याच्याकडे जाऊन पोती पाहिली. पाणी बदललं, नायट्रोजनचं सिलिंडर बदललं. भट्टीचं तापमान दुसऱ्या विभागातून आणलेल्या तापमापकानं तपासलं. तीन आठवडे गेले. पंधरावी बॅच चव्वेचाळीसवर आली आणि मी हात टेकले.

मधल्या मधे मी मामांना दोनदा विचारलं होतं. चिंचोके धुणं, वाळवणं, दळणं ही त्यांचीच कामं होती.

"मामा, अकराव्या वेळी काही वेगळं केलं होतं का?"

"न्हाई बा. रोजचंच."

"आठवून सांगा."

"चार म्हयनं झालं मॅडम. काय आठवायचं?"

खोतमामा, म्हणजे रंगराव खोत, विभागात तेहेतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. माणूस बोलका. कोणाच्या मुलीचं कुठं जमलं, कोणत्या प्राध्यापकाचं कोणाशी बिनसलं, सगळं त्यांच्याकडून कळायचं. अकराव्या बॅचचा विषय निघाला की मात्र त्यांना नेमकं बाहेर कुठंतरी काम असायचं. माझ्या हे उशिरा लक्षात आलं. दमलेल्या माणसाला समोरचंही उशिरा दिसतं.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी मी त्यांना साठवणीच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"मामा, मी तुमच्यावर ओरडायला आले नाहीये. पण तुम्हाला काहीतरी माहीत आहे. मला दोन महिने उरलेत."

ते रिकाम्या बाटल्या मोजत राहिले.

"मामा."

"मॅडम, त्या काचेच्या नळीचं तुमास्नी ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. आदल्या वर्षी भट्टीची क्वार्ट्‌झची नळी त्यांच्या हातून फुटली होती. सरांनी सगळ्यांसमोर त्यांना वाटेल ते सुनावलं आणि वर मेमो दिला. मामांनी तो मेमो घडी करून खिशात ठेवला आणि आठवडाभर कोणाशी बोलले नव्हते.

"आनि एक मेमो आला तर जाताना नोकरीच्या पुस्तकात तांबडी शाई," ते म्हणाले. "तेहतीस वर्सांत तो एकच हाय. मला दुसरा नको."

"तुमचं नाव मी कोणालाही सांगणार नाही."

"सरास्नी बी?"

"कोणालाही म्हणजे कोणालाही. माझ्या मुलीची शपथ."

त्यांनी बाटली खाली ठेवली. "ओव्हन बंद पडलं हुतं बगा तवा. वायरमन म्हनला चार दिस लागत्यात. आनि तुमी शनवारी जाताना म्हनला, सोमवारी मला पावडर पायजे, काय वाट्टेल ते करा."

"मी म्हटलं होतं?"

"म्हनला हुतासा. जरा जोरातच."

मला आठवेना, पण मी तसं म्हटलं असणार याची खात्री होती.

"मग मी पिशवी घरी नेली. हितलं सामान भाईर न्ह्यायचं न्हाई, ठावं हाय मला. पन करनार काय? आमची ही म्हनली, द्या हिकडं, मी वाळवून देते. सकाळी बगतोय तर हिनं मिठाच्या पान्यात भिजवून, मिठातच भाजून ठेवल्यालं. घरात खायाला करतो तसं. मी लई बोललो तिला. पन दुसरं चिंचोकं कुठनं आनू? तसंच दळलं, तुमच्यापुढं ठेवलं. मीठ काय, धुतल्यावर जातंयच की."

मी पोत्यावर बसले. चार महिने मी पाणी तपासत होते, हवा तपासत होते, आणि माझी सगळी विद्या ज्याला अडली होती ते मीठ होतं.

"मामा, तुमच्या घरी येऊ का? रविवारी?"

"कशाला?"

"मला बघायचंय."

त्यांचं गाव शहरापासून बारा किलोमीटरवर. रविवारी सकाळी मी इस्लामपूरला न जाता तिकडे गेले. मामांच्या पत्नी हौसाबाई दारातच उभ्या होत्या. ठेंगणी, काटक बाई, नऊवारीचा पदर खोचलेला. नवऱ्यानं त्यांना काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे, त्या घाबरलेल्या दिसत होत्या.

"बाई, माज्या हातनं काय नुस्कान झालं का?"

"नाही हो. उलट झालं. मला शिकवा."

यावर त्या मनापासून हसल्या आणि चुलीपुढे बसल्या. रात्रीच चिंचोके भिजत घातलेले होते. एका पाटीला किती ओंजळी खडेमीठ, ते त्यांनी मला माझ्या हातांनी घालायला लावलं. माझी ओंजळ लहान, म्हणून एक जास्त. मग लोखंडी कढईत मीठ तापवून त्यात ते ओले चिंचोके टाकले आणि उलथन्यानं हलवत बसल्या.

"असं मिठातच का? तव्यावर नुसते नाही चालत?"

"चालतंय की. लोक तसंच करत्यात. पन मंग दगुड ऱ्हातोय, दात पडत्यात. मिठाचं पानी आत जातंय, भाजताना आतल्या आत फुलतोय. बगा." त्यांनी एक चिंचोका फोडून माझ्या हातावर ठेवला. आत तो खरोखर पोकळ, भुसभुशीत झाला होता. "आमच्या माहेरची रीत हाय ही. राधानगरीच्या अंगाला. हिकडं कुनी करत न्हाई. सासूबाई पयल्यांदा हसल्या मला, मिठाचं दिवाळं काढलंस म्हनल्या. मग त्याच मागायला लागल्या."

त्यांनी मला प्रत्येक गोष्ट दोनदा दाखवली. कढईत मीठ कधी तडतडायचं थांबतं, चिंचोक्याचा वास कधी बदलतो. मी वहीत लिहून घेत होते आणि त्या मधूनमधून वहीकडे बघत होत्या.

"समदं लिवून घेतासा?"

"सगळं."

"मीठ किती त्ये बी?"

"ते तर आधी."

त्या खूश झाल्या. निघताना त्यांनी मला जेवायला घातलं आणि परातभर चिंचोके बांधून दिले.

सोळावी बॅच पंच्याण्णव टक्क्यांवर आली. सतरावी सत्त्याण्णव, अठरावी पुन्हा पंच्याण्णव. सोळावीची पट्टी निघाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी मामांना हाक मारली, ते आले, आकडा बघितला आणि म्हणाले, "आता घरी जाऊन झोपा जरा." मी खरंच गेले आणि दिवसभर झोपले.

कारण समजायलाही वेळ लागला नाही. मीठ चिंचोक्यात शिरायचं, भट्टीत जागा धरून बसायचं, नंतर धुतलं की निघून जायचं आणि तिथं बारीक बारीक भोकं उरायची. पॅलेडियमचे कण त्या भोकांत नीट बसायचे, एकमेकांना चिकटायचे नाहीत. समजल्यावर इतकं सोपं वाटलं की मला माझाच राग आला.

"मिठाचं कोणी सांगितलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"सुचलं सर."

"अकराव्या बॅचमध्ये मीठ कुठून आलं पण?"

"त्या वेळीही एकदा करून बघितलं होतं. वहीत नोंद करायची राहिली."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. सर मूर्ख नव्हते. मग म्हणाले, "प्रबंधात मात्र असं लिहू नका. विचार करून मीठ निवडलं, त्याची कारणं अमुक अमुक, असं लिहा. संदर्भ द्या. प्रकरण चौथं."

मी तसं लिहिलं. बावीस पानांचं प्रकरण झालं, आणि खोटं सांगत नाही, चांगलं झालं. शब्द दिला होता म्हणून मामांचं नाव घेता येत नव्हतं, आणि मामांचं नाही म्हणून हौसाबाईंचंही नाही. ऋणनिर्देशात 'श्री. रंगराव खोत यांचे प्रयोगशाळेतील सहकार्य' एवढं आलं, ते सगळ्यांच्या प्रबंधात यायचं. मी स्वतःला सांगितलं, शब्द पाळला. असा शब्द पाळायला सोपा जातो हे तेव्हा मी मनातसुद्धा म्हटलं नाही. एकोणतीस मार्चला प्रबंध जमा झाला.

तोंडी परीक्षा ऑक्टोबरात लागली. आमच्याकडे ती खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. अकराची वेळ होती. मी साडेदहाला सभागृहाशी पोचले तर पायऱ्यांवर खोतमामा उभे. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी. जूनमध्ये निवृत्त झाल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. शेजारी हौसाबाई, नवं कोरं लुगडं नेसलेल्या.

"हिला घिऊन आलोय," मामा म्हणाले. "म्हटलं, चल, तुजं मीठ कुठवर गेलंय बगून तरी यीऊ."

"छान केलंत," मी म्हणाले. मी घड्याळ बघितलं.

"आनि मॅडम," मामा जरा आवाज खाली आणून म्हणाले, "त्ये नाव न घ्यायचं म्हनलो हुतो न्हवं, त्याचं आता काय न्हाई. आता मला मेमो देनार कोन?" आणि हसले. एवढंच. मागितलं काहीच नाही.

ती दोघं शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते. वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांनी तासभर विचारलं आणि मी तासभर उत्तरं दिली. सगळं माझ्या हातांनी केलेलं होतं, त्यामुळे भीती वाटली नाही. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला.

"आता एक सहज विचारतो. चौथ्या प्रकरणात तुम्ही कारणं दिलीत ती पटतात. पण ती नंतरची असतात, आपल्याला माहीतच आहे. मला खरं सांगा, मीठ पहिल्यांदा डोक्यात कसं आलं?"

सभागृहात तीसेक माणसं होती. शिरगुप्पे सर पहिल्या रांगेत, हातात पेन. मला शेवटची रांगही दिसत होती. हौसाबाई किंचित पुढे वाकून बसल्या होत्या. प्रश्न त्यांना समजला होता.

सांगायला फार काही नव्हतं. ओव्हन बंद होतं, चिंचोके घरी गेले, त्या बाईंनी मिठात भाजले. तीन वाक्यं. पण त्यांच्यामागून आणखी वाक्यं आली असती. मग वहीत तसं का नाही? मग चौथ्या प्रकरणात हे कोणाचे विचार आहेत? सरांना मी काय सांगितलं होतं? सात वर्षं माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि एस.टी., आणि सासूबाईंचं न विचारणं. मी फार थकले होते. मला फक्त हे संपायला हवं होतं.

"सर, माझी आई चिंचोके मिठात भाजायची," मी म्हणाले. "लहानपणी पाहिलेलं. त्यावरून सुचलं."

परीक्षकांना ते इतकं आवडलं की त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "वा. याला म्हणतात निरीक्षण. प्रयोगशाळा घरात सुरू होते, मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो." टाळ्या झाल्या. सरांनीही वाजवल्या.

माझी आई मिरजेला बँकेत होती. तिनं जन्मात चिंचोका भाजला नाही. आमच्या घरी चिंचोके पटावर खेळायला असायचे.

मी वाक्य निवडलं तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी साधं, निरुपद्रवी बोलावं. ते उचललं कुठून हे उच्चारताना कळलं नाही, उच्चारल्यावर लगेच कळलं.

मग निकाल जाहीर झाला, हार झाले, पेढे झाले. लोक पांगेपर्यंत मी मुद्दाम वेळ काढला. तरी बाहेर आले तेव्हा ती दोघं पायऱ्यांपाशी थांबलेलीच होती. मामा दुसरीकडे बघत होते. हौसाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी माझ्या गालावरून हात उतरवून बोटं मोडली.

"लई चांगलं बोललासा. समदं न्हाई कळलं, पन चांगलं बोललासा." मग म्हणाल्या, "बाई, तुमच्या आईचं माहेर कुठलं ओ?"

"का हो?"

"न्हाई, आमच्या गावातलंच कुनी हाय का, म्हनून इचारलं. मिठात भाजनारी मी दुसरीकडं कुनी बगितली न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. त्या खरंच उत्तराची वाट बघत होत्या. मी अजूनही खरं सांगू शकत होते. तिथं आम्ही तिघंच होतो. ना सर होते, ना परीक्षक.

"मिरज," मी म्हणाले. "आईचं माहेर मिरजेचंच."

"मिरजेत बी करत्यात व्हय." त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंसा का? मी आपली उगंच समद्यांस्नी सांगत हुते, आमचंच हाय म्हनून."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग टोपी सारखी केली आणि बायकोला म्हणाले, "चल, दोनची गाडी जाईल."

सत्तावीस वर्षं झाली. मिठाच्या कोळशावर मी पुढे आठ निबंध लिहिले, त्यातल्या एकात आईचा किस्सासुद्धा छापून आला. त्यानंतर हौसाबाईंनी माहेरची रीत म्हणून ती कोणाला सांगितली की नाही, हे मी कधी विचारायला गेले नाही.